गांगुर्डे काकांच्या नावावरची चूक

लॅबच्या ग्रुपवर ‘गांगुर्डे काका गेले’ असा मेसेज आला, तेव्हा मी रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होते. सगळे काहीबाही लिहीत होते. मी ‘RIP’ एवढंच टाइप केलं आणि फोन ॲप्रनच्या खिशात ठेवला. ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांच्यासाठी तीन अक्षरं…

काका हरसूलकडचे, आमच्या लॅबमधले सर्वांत जुने टेक्निशियन. कोलेस्टेरॉलच्या तपासणीला आलेल्या कुणालाही ते ‘उपाशी आहात ना?’ असं विचारत नसत. “रात्रीपासून काय काय पोटात गेलं, सांगा बरं,” म्हणत. लोक हसत आणि खरं सांगत. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या मला मात्र अनोळखी माणसाशी मराठीत चार वाक्यं बोलायचाही संकोच वाटे. मी न विचारताच फॉर्मवर ‘उपाशी’च्या चौकटीत खूण करायचे. रक्तातलं पाणी वेगळं झालं, की काका ती नळी भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणापुढे धरत. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ठीक; पाणी गढूळ असलं, तर माणूस खाऊन आलाय का ते आधी विचारायचं. मला म्हणत, “मशीन आकडा सांगतं. माणसाला आपणच विचारायचं, इंग्लिश मॅडम!”

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या एका माणसाची नळी दुधासारखी पांढरी निघाली. मला ते दिसलं होतं. तरी मी ती मशीनमध्ये लावली आणि रिपोर्ट गेला. आठवड्याने त्याची बायको त्याला घेऊन आली. “डॉक्टर चरबी लय वाढली म्हणाले, तवापासून हे घाबरून नीट जेवत नाय.” काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो माणूस म्हणाला, “त्या दिवशी येताना स्टँडवर मिसळ खाल्ली होती… मला कुणी विचारलंच नाय.”

लॅबच्या मॅडमनी फॉर्म पुढे धरला. “ही खूण कुणी केली?” खुणेला हस्ताक्षर नसतं. मी खाली पाहत राहिले. “मीच केली, मॅडम,” काका म्हणाले. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला उपाशीपोटी बोलावून स्वतः रक्त घेतलं. नळी स्वच्छ निघाली. मला एवढंच म्हणाले, “आता विचारत जा.” मी ‘सॉरी’सुद्धा म्हटलं नाही. उद्या म्हणू, असं करत दोन वर्षं गेली…

शोकसभेत मॅडम गहिवरून म्हणाल्या, “इतक्या वर्षांत गांगुर्डेंच्या हातून एकच चूक झाली.” समोर त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

आता मी प्रत्येकाला विचारते, काय काय पोटात गेलं. काकांचं कात्रण पिवळं पडलंय, अक्षरं उडालीत. ते बदलावं लागेल. हा लेख छापून आला, की आधी त्यांच्या मुलीला नेऊन देणार आहे. मग अंकाच्या दुसऱ्या प्रतीतली एक ओळ कापून कात्रणाच्या जागी चिकटवीन, रोज नळीतून वाचायला: ती खूण मी केली होती.