तुटक रेषेतलं शांघाय

मी ड्राफ्ट्समन. नव्वदच्या दशकात बहारीनला, मनामा शहरातल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर शाईने ड्रॉइंग काढायचो. हात असा नेमका की पुण्या-मुंबईचे साहेब माझ्या शीटसाठी ताटकळत थांबायचे, आणि मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या माजाचा हात आहे.

आम्ही नागपूरचे. तिथल्या सनाबिस वस्तीत दोन खोल्यांत मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. ऑफिसात अमेरिकेहून बांधकामाची मासिकं यायची. जुनी झाली की मी घरी आणायचो आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही बापलेक फरशीवर पालथे पडून त्यातल्या इमारती ट्रेसिंगच्या एका लांब तुकड्यावर उतरवायचो. डावीकडे अमेरिका, उजवीकडे चीन. प्रमाण एकास पाचशे, म्हणजे जगातली सगळ्यात उंच इमारत, शिकागोची, नव्वद सेंटिमीटरला जरा कमी. मुलगी अमेरिकेच्या बाजूने, मी मुद्दाम चीनच्या.

"चायना इज सो शॉर्ट, बाबा!" ती चिडवायची. इंग्रजी शाळेतली पोर, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतच.

मी सांगायचो, थांब जरा. अमेरिकेतली गावं सावकाश वाढली, एकेक इमारत, एकेका पिढीची. आता त्यांची हौस फिटली, ती आडवी पसरायला लागली आहेत, घर आणि अंगण आणि मोटार. चीनमध्ये मात्र गेल्या वर्षी जिथे भाजीचा मळा होता तिथे यंदा घोळक्याने मनोरे उभे. अमेरिका मोठी झाली ती सगळ्यांच्या देखत. चीन आपण जरा मान वळवली की वाढलेला असतो. हे बोलताना मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

ड्रॉइंगचे कायदे मी तिला पक्के शिकवले होते. जे बांधून झालंय ते सलग रेषेत, जे व्हायचं आहे ते तुटक रेषेत. प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी एक माणूस काढायचा, म्हणजे उंची कळते. अमेरिकेच्या पायथ्याशी ती, अडीच मिलिमीटर. चीनच्या पायथ्याशी मी, साडेतीनला थोडा कमी. शाई चुकली तर ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडायची आणि मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई पसरते. तिचं नख एवढंसं, पण घासायची माझ्यासारखीच, जीभ बाहेर काढून.

मग माझं काँट्रॅक्ट नवं झालं आणि त्यात मी 'बॅचलर', म्हणजे कुटुंबाशिवाय राहणारा, झालो. ऑफिसने फॅमिली व्हिसा आणि फ्लॅट दोन्ही काढून घेतले. खलास. बायको म्हणाली, "चला ना तुमीबी. नागपुरात काय काम नाही भेटत?" मी म्हणालो, दोन वर्षं काढू दे.

एअरपोर्टवर मुलीच्या काखोटीला ती गुंडाळलेली शीट होती, प्लास्टिकच्या नळीत. ती सामानात द्यायला तयार नव्हती. तिने विचारलं, "व्हेन विल यू कम?" मी नळी उघडली. उजव्या बाजूला शांघायचा एक मनोरा आम्ही नुकताच काढला होता, अजून कागदावरचाच, म्हणून तुटक रेषेत. तो शिकागोपेक्षा दोन बोटं उंच होता. मी म्हणालो, "ही रेषा सलग झाली, चीन अमेरिकेच्या वर गेला, की बाबा घरी. कायमचा." तिने हात पुढे केला आणि आम्ही वचन दिलं-घेतलं. तेव्हा ते मला फार सुंदर सुचलं असं वाटलं होतं. आज त्या हुशारीची लाज वाटते.

मला कंपनीच्या खोलीत एक खाट मिळाली. दर शुक्रवारी फोनकार्ड घेऊन बूथवर जायचो. मुलीचा पहिला प्रश्न ठरलेला, रेषा सलग झाली का. मी सांगायचो, पाया खणताहेत, होईल, इंशाल्ला. दोनाची तीन वर्षं झाली. पाया खरंच भरला होता. पण पूर्वेकडच्या देशांत पैशाचे वांधे झाले आणि मासिकात बातमी आली की शांघायचं काम थांबलंय, कधी सुरू होईल सांगता येत नाही. ते मी तिला सांगितलंच नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दर शुक्रवारी वाढत राहिलो.

एका शुक्रवारी तिचा आवाज वेगळाच होता, धाप लागल्यासारखा. तोवर नागपूरच्या शाळेने तिला मराठी बोलायला लावलं होतं.

"बाबा, पेपरात आलं आहे. मलेशियातले दोन टॉवर शिकागोच्या वर गेले. बनून पण झाले." मग म्हणाली, "ते चालते का?"

मला माहीत होते ते टॉवर. महिन्यापूर्वीच मासिकात पाहिले होते. मी म्हणालो, "नाही बेटा. आपलं चीन ठरलं होतं. आणि तिथे टोकावरचा सुळका धरला तर ते उंच. तसं मोजणं काही खरं नाही."

ती "बरं" म्हणाली आणि फोन आईला दिला.

का म्हणालो मी असं? त्याच महिन्यात ऑफिसात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग सुरू झाली होती. नागपुरात हाताने रेषा काढणाऱ्याला कोण विचारणार, ही भीती होती. इथे निदान जुने साहेब अजून माझ्या टेबलाशी येत होते. लेकरू दुधाची तहान ताकावर भागवायला तयार होतं, आणि मी तेही दिलं नाही. त्यानंतर फोनवर तिने चीनचं नाव काढलं नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं.

पुढच्या वर्षी पहिल्यांदाच रजेवर घरी गेलो. दार तिने उघडलं आणि क्षणभर मी तिला बायकोची कोणी भाची समजलो. माझ्या हनुवटीला लागत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर कपाटावर ती नळी दिसली. शीट बाहेर काढली. शांघाय तुटकच होतं. त्याच्या पलीकडे, कडेच्या कोऱ्या जागेत, कागद धुरकट झाला होता. खरवडलेली जागा मला डोळे मिटूनही कळते. शीट खिडकीच्या काचेला लावली. उजेडात पुसट उमटले दोन जुळे मनोरे, मधे पूल. मी पट्टी लावली. प्रमाण अचूक, एकास पाचशे, टोकाच्या सुळक्यासकट. रेषा तुटक नव्हती, सलग होती. पायथ्याशी दोन माणसं, अगदी चिकटून. मोठं साडेतीनला थोडं कमी. धाकटं मोजलं तर तीन मिलिमीटर भरलं. तिने स्वतःला नव्या उंचीचं काढलं होतं. तेव्हा ती केवढी झाली होती, हे मला त्या कागदावरून कळलं.

म्हणजे मला फोनवर विचारण्याआधीच तिने ते काढून ठेवलं होतं.

माझ्या हातातून शीट सुटेना. शाळेतून येऊन ती दारात उभी राहिली, तरी मी खिडकीपाशीच होतो. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते चुकलं होतं, बाबा," ती म्हणाली. "म्हणून खोडलं."

मी त्या जागेवरून बोट फिरवलं. नखाने घासून तिने ती गुळगुळीत केली होती, मी शिकवलं तशी. चूक तुझी नव्हती, हे शब्द तोंडाशी आले होते. पण ते म्हटलं असतं तर राहावं लागलं असतं. मी म्हणालो, "छान खोडलंस," आणि रजा संपली तेव्हा बहारीनला परत आलो.