मी नेपाळी होतो तेव्हा

कुमार दाजूचं नाव आधी घेतो. नागपुरात मला कोणी उभं केलं असेल, तर त्यानं. तो दार्जिलिंगकडचा नेपाळी, दाजू म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. मी सांगलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. नागपूरजवळ कळमेश्वरच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा त्यानं मला खोलीत घेतलं, कढई हलवायला शिकवलं, तापात माझे कपडेसुद्धा धुतले. हे आधी सांगतो, कारण पुढचं मी आजवर कोणालाच — बायकोलाही — सांगितलेलं नाही.

माझे डोळे बारीक, रंग गोरा. गावात पोरं मला नेपाळीच म्हणायची. दाजू ज्या चायनीजच्या गाडीवर होता तिचे मालक राऊतभाऊ, नागपूरचेच. मला पाहून ते खूश झाले. "गिऱ्हाईकासमोर मराठी बोलू नको गा. दोन नेपाळी दिसले का लोकाइले वाटते, माल असली हाय." झालं. मी नेपाळी झालो. बोलायचं ते हिंदीत, तेही तुटक तुटक.

सुरुवातीला मजा वाटायची, खोटं कशाला सांगू? लोक माझ्यासमोर मराठीत बिनधास्त बोलायचे.

"हे लोक कुत्रं खातेत म्हने."

"खाऊ दे ना बे. तू मंचुरियन खा."

मी मान खाली घालून कोबी चिरायचो. दाजू हळूच विचारायचा, क्या बोला? मी म्हणायचो, चटणी आवडली म्हणतात. मग हळूहळू हसू येईना. खोलीवर आरशासमोर उभा राहायचो — खरंच त्यांच्यात जन्मलो असतो तर? जन्मभर हेच ऐकायचं? माझ्या आईनंही? पण माझं काय, मी कधीही तोंड उघडून बाहेर पडू शकत होतो. दाजू कुठून बाहेर पडणार होता?

मी लांबवतोय. कळतंय मला. भीती वाटते — अजून.

त्या दिवसांत मोबाईलवर अफवा फिरत होती, बाहेरचे लोक पोरं पळवून राहिले म्हणून. एका संध्याकाळी गाडीमागच्या गल्लीतला एक लहान मुलगा आला. त्याला मूठभर तळलेल्या नूडल्स मिळाल्या. कढईतला चुरा आम्ही पोरांना नेहमीच द्यायचो. तो खात खात खेळायला गेला, आणि आईला सापडेना. थोड्या वेळात गाडीभोवती गर्दी. पुढे मुलाचा काका. त्यानं लांबून पाहिलं होतं — एका नेपाळ्यानं पोराला खाऊ दिला. कोणत्या, ते त्याला सांगता येईना. आम्ही दोघे त्याला सारखेच.

कोणीतरी माझी कॉलर धरली. माझ्या तोंडून निघालं, "मी मराठी हाय हो! सांगलीचा हाय! सोडा मला!"

गर्दी थबकली. "अबे, हा तं आपला हाय!" कोणी हसलंसुद्धा. कॉलर सुटली. मग काकानं दाजूकडे बोट केलं. "मंग ह्यानंच देल्ला. सांग गा, हाच होय ना?"

खाऊ मी दिला होता.

समजलं ना? मी. दाजू तेव्हा पाठमोरा होता, तेल ओतत होता. आणि मी तोंडानं 'हो' म्हणालो नाही, असं स्वतःला किती वर्षं सांगत आलोय! मान हलवली. ती काय वेगळी?

दाजूला मराठी फारशी कळत नव्हती. पण ते बोट आणि माझी मान कळली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "इसने दिया" — एवढंच म्हणायचं होतं. तो बोललाच नाही. मार खाल्ला. कानातून रक्त आलं. मग मुलगा पलीकडच्या मैदानात सापडला आणि लोक पांगले. जाताना काका म्हणाला, "गलतफहमी झाली भाऊ." मला म्हणाला. दाजूला नाही.

खोलीवर मी त्याचा कान पुसत होतो, तेव्हा तो म्हणाला, "तू मराठी बोला, अच्छा किया. नहीं तो दोनों पिटते." खाऊचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. त्या कानानं पुढं त्याला नीट ऐकू येईना. मग एक दिवस तो निघून गेला — कोणी म्हणे बंगळूरला. मी थांब म्हटलं नाही. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

आता माझी स्वतःची गाडी आहे. गिऱ्हाईक आलं की कोणी विचारायच्या आधीच मी मोठ्यानं मराठीत बोलतो. लोकांना वाटतं, माणूस बोलका आहे.

तो काका अजून त्याच गल्लीत राहतो. दाजू, तुझं माझ्यावर ऋण आहे ते कशानंही फिटणार नाही, पण एक दिवस मी त्याच्या दारात जाईन आणि गल्ली ऐकेल इतक्या मोठ्यानं सांगेन, खाऊ कोणी दिला होता ते. आज धीर नाही. पण सांगेन.