धाकटीच्या समुद्री शेवया

"आक्का! ओ आक्का! अहो, हे काय केलंत तुम्ही!"

धाकटी जाऊ स्लॅबवरून ओरडत होती. आवाज असा, की सोलापूर रस्त्यावरची एसटी कुणी हात न दाखवताच तामलवाडीला थांबली असेल. मी खाली भाकरी थापत होते. हात न थांबवता विचारलं, "का गं, साप निघाला का?"

"साप परवडला असता! माझ्या नूडल्स! सगळ्याच्या सगळ्या! वाळत कशाला घातल्या?"

आता ज्याच्या घरी उन्हाळ्यात शेवया होतात त्यानंच सांगावं, ओली शेवई वाळत घालायची नाही तर काय पांघरूण घालून निजवायची? पण ही पुण्यात राहणारी, तिथं शेवई दुकानातच जन्माला येते. तिला बाज ठाऊक नाही, ऊन ठाऊक नाही.

हे नीट कळायचं तर आधी माझ्या शेवयांचं सांगायला पाहिजे. लोक म्हणतात मी फुगवून सांगते. खरं तर मी निम्मंच सांगते, कारण सगळं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. खपली गव्हाचा रवा भिजवायचा, तेलाचा हात लावून तिंबायचा आणि पाटावर ओढायचा. माझी शेवई इतकी बारीक, की एकदा बाजेवर वाळत घातली तर मलाच दिसेना. शेवटी खालची सावली बघून गोळा केली. एकदा गावातला शिंपी जेवायला आला होता, तो ताटातली एक उचलून सुईत ओवून बघत होता. ओवलीही गेली. तामलवाडीपासून तुळजापूरपर्यंत माझ्यापेक्षा बारीक ओढणारी कुणी असली, तर तिनं पाट घेऊन यावं.

सासरे, म्हणजे आमचे मामा, त्या शेवयांवर जगले. गरम शेवया, वर गुळवणी, वर तुपाची धार. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या ताटाचा कारभार माझ्याकडं आला. शेतातून आले की चपला काढायच्या आधी उंबऱ्यातूनच विचारायचे, "थोरले, काय केलंय आज?" तेवढ्या एका हाकेवर माझं घरातलं राज्य चाललं होतं. नवऱ्यानं विचारलं नाही तरी चालायचं. तसंही त्यानं कधी विचारलं नाही.

मग मामांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरनं शेवया तोडल्या, गूळ तोडला, भात तोडला. भाकरी तेवढी बेतानं. मामा शेतातून यायचे, उंबऱ्यात क्षणभर थांबायचे आणि काहीच न विचारता हात धुवायला जायचे. विचारायचं काय? ताटात काय असणार ते त्यांनाही ठाऊक. डॉक्टरनं त्यांचं खाणं तोडलं आणि माझा मान.

अशात सुट्टीला धाकटा दीर आणि ही पुण्याहून आली. हिच्या पिशवीत पाकिटं. पाकिटात पाणी, पाण्यात काचेच्या दोऱ्यांचा गुंता.

"काय गं हे, पतंगाचा मांजा?"

"नूडल्स आहेत, आक्का. समुद्रातल्या शेवाळाच्या. पुण्यात साखरवाले लोक पास्त्याऐवजी हेच खातात. पास्त्यात सगळा मैदा. ह्यात पीठ नावालासुद्धा नाही."

"समुद्रातलं? म्हंजी मासळीच की! आज मंगळवार हाय, देवीचा वार."

"मासळी नाही हो. वनस्पती आहे."

"मंग पाण्यातलं गवत म्हण. ते आमच्या म्हशी खात्यात."

"मग बघा, कुठल्या म्हशीला शुगर झालीय का?"

हे असं आहे तिचं. हसून बोलते, त्यामुळं वळ दिसत नाहीत.

तिनं ते काचेचे दोरे चाळणीत धुतले. कोमट पाण्यात लिंबू पिळलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला. फेस आला. त्यात ते बुडवून ठेवले आणि मऊ पडल्यावर चक्क कात्रीनं कापले. स्वयंपाकघरात कात्री! टोमॅटो आटवून, लसूण, ढोबळी मिरची घालून त्यात ते उलटसुलट केले आणि मामांपुढं ठेवले. मी दाराला टेकून उभी. मनात म्हटलं, आत्ता ताट सरकवतील.

मामांनी घास घेतला. थांबले. "काकडीगत वाजतंय," म्हणाले. दुसरा घास घेतला. मग ताट पुढं केलं, वाढ म्हणून. मला वाटलं माझे डोळे गेले. मी धुतलेल्यातली एक गुपचूप तोंडात टाकून बघितली होती, चव म्हणाल तर विहिरीच्या पाण्याला जास्त असेल. सगळी करामत टोमॅटोची. पण मामा खात होते आणि शेवटी बोट चाटून म्हणाले, "लई दिसांनी शेवया खाल्ल्यागत झालं गं, पोरी."

पोरी!

मी लग्न होऊन आले तेव्हा ही धाकटी शाळेत दप्तर आपटत असेल. मला आजवर 'थोरले' सोडून दुसरी हाक नाही. आणि हिला एका वाडग्यात पोरी. माझ्या पोटात असं काही पेटलं, की त्यावर अख्ख्या गावजेवणाच्या भाकरी भाजून निघाल्या असत्या आणि वर आमटीलाही उकळी आली असती.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. मामा संध्याकाळी पारावर जाऊन सांगून आले, "आमच्या धाकटीनं समुद्रातून शेवया आणल्यात." म्हणजे जणू ही स्वतः बुडी मारून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेतातून आले, चपला काढायच्या आधी उंबऱ्यात थांबले. मी पदर सावरून पुढं झाले. मामांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि म्हणाले, "पोरी, काय केलंय आज?"

माझा प्रश्न. माझ्या डोळ्यांदेखत दुसरीला दिला.

तेव्हाच माझं ठरलं. शेवया हिच्या असल्या तरी रांधायचं आपल्या हातानं, आपल्या रीतीनं. मामांनी खाल्लं पाहिजे आणि हाक मला मारली पाहिजे. सकाळी ही अंघोळीला गेली तशी मी सगळी पाकिटं फोडली. आत पाणी! शेवई करणाऱ्या बाईला ओली शेवई बांधून ठेवलेली बघवत नाही, हात आपोआप चालतात. स्लॅबवर बाज टाकली, लुगडं अंथरलं, एकेक धागा सोडवून पसरला. ऊन असं, की वरून उडणारा कावळा भाजून खाली पडावा. म्हटलं, दुपारपर्यंत कडक वाळतील, मग तुपावर परतू.

आणि दुपारी हा आरडाओरडा. मी हाताचं पीठ झटकून वर गेले. बाजभर पसरलेला समुद्र आटून मूठभर उरला होता. पिवळसर, वाकडातिकडा, शिंप्याच्या दुकानात झाडून काढल्यासारखा.

"ह्या ओल्याच ठेवायच्या असतात, आक्का," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आता फेकून द्या."

"फेकतीस कशाला? वाळलेली शेवई वर्षभर टिकती. तू बघ फक्त."

मग मी बघून घेतलं आणि घरानंही बघितलं. तुपावर परतल्या, त्या कढईत उडायला लागल्या. दुधात टाकल्या, वेलची घातली, गूळ अर्थातच नाही. दूध उकळलं, आटलं, बासुंदीच्या वळणाला गेलं, पण शेवया बाजेवर होत्या तशाच. मला वाटलं आता गॅसची टाकी संपेल, मग पुढची संपेल. शेवटी वाढलं.

मामांनी एक उचलून तोंडात घातली. या गालातून त्या गालात फिरवली. रस्त्यानं ट्रॅक्टर आला, उसाच्या ट्रॉलीसकट निघून गेला, मामा चावतच होते. मग तोंडातून काढली, दोन्ही हातांत धरून ताणली, उजेडात बघितली.

"थोरले," ते म्हणाले, "ह्यानं बाज इणता यील."

धाकटी पदरात तोंड खुपसून हसली. दीर हसला. आणि माझा नवरा, जो माझ्या बोलण्याला आजवर कधी हसला नाही, तो भिंतीला धरून हसला. त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे सगळ्यांच्या नंतर जेवले.

सुट्टी संपली, ती गेली. मला वाटलं समुद्रही गेला. पण मामांनी मागं लागून पाकिटं मागवली. खोकंभर आली. आता पेच असा, की पाकिटं तिची आणि हात माझे. मामा दुपारी उंबऱ्यातून विचारायला लागले, "धाकटीचं हाय का आज?"

करायचं मला आणि म्हणायचं धाकटीचं!

मग मी कंबर कसली. लिंबू-सोड्याचं मी तिच्याकडून शिकले असं कुणी म्हणू नये. मी जोंधळा निवडत बसले होते आणि माझे डोळे उघडे होते, एवढंच. मऊ झाल्यावर कात्री न लावता हातानं तोडल्या. तिचा टोमॅटो-बिमॅटो काही नाही. लोखंडी कढईत तेल, जिरं, ठेचलेला लसूण, आमचं काळं तिखट, वर शेंगदाण्याचं कूट आणि मूठभर कोथिंबीर. फोडणी अशी बसली, की शेजारीण भिंतीवरून वाकून बघता बघता आमच्याच अंगणात पडता पडता राहिली.

मामा बसले. पहिल्या घासाला भुवया वर गेल्या. मग मान वर न करता खात राहिले. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा कढई खरवडून दिली. ताट बोटानं निपटून काढलं, परत धुवायची गरज नव्हती. मी पळी हातात धरून समोरच उभी होते. किती वेळ वाट बघणार माणूस? मीच विचारलं.

"कसं झालंय, मामा? पुण्याच्या पास्त्यापरीस बरं हाय का न्हाय?"

मामांनी ताटातच हात धुतला, खांद्यावरच्या टॉवेलला पुसला.

"पाकिटं सरत आली आस्त्याल," ते म्हणाले. "धाकटीला फोन लाव."