चार गुडघ्यांची पंगत

डिंगोऱ्याचा सावळेराम झाडावर चढायचा सगळ्यांसारखाच, पण उतरायचा मात्र कधीच नाही. सगळ्यांत खालच्या फांदीवर आला की तो सरळ उडी मारायचा. चिंचा झोडपायच्या दिवसांत गावातली निम्मी झाडं त्याच्याकडे असत. खाली बायका चिंचा वेचत बसलेल्या असताना शिडीला धरून एकेक पायरी उतरायचं म्हणजे काय शोभा! विशीत हे ठीक होतं. पण गड्याने चाळिशीतही उड्या मारल्या आणि पन्नाशीतही. त्याची बायको साळुबाई म्हणायची, "अवं, आता कुणी वर बघत न्हाई तुमच्याकडं. उतरा नीट." ते ऐकलं की हा मुद्दाम आणखी एक फांदी वर चढून तिथून उडी टाकायचा.

शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला. मांडी घालून बसलं की उठताना आधी हातांनी जमीन चाचपावी लागे, मग कंबर, मग जराशी देवाची आठवण, आणि त्यानंतर दोन्ही गुडघ्यांतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज येई. साळुबाईने निरगुडीचा पाला गरम करून बांधून पाहिला. रात्री बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. मग एकदा गुपचूप आळेफाट्याला जाऊन त्याने डॉक्टरला गुडघे दाखवले.

डॉक्टरने फोटो काढला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. "हे मांडीचं हाड, हे नळीचं. दोन्हींच्या टोकांवर अस्तर असतं, त्याला कूर्चा म्हणतात. आत थोडं वंगणही असतं, म्हणून हाडावर हाड घासत नाही. वय झालं की अस्तर झिजतं. तुमचं जरा लवकरच झिजलंय. उंचावरून उड्याबिड्या मारता काय?"

"थोड्याफार."

"म्हणजे किती?"

सावळेरामाला वाटलं, आता शाबासकी मिळणार. छाती काढून तो म्हणाला, "शीजनला रोजच्या पाच-सहा. तीसेक वर्सं झाली आसतील."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"मंग नवं घाला की बसवून," सावळेराम म्हणाला. "ट्रॅक्टरचं बेरिंग न्हाई का बदलत?"

"मोठ्या शहरात गुडघाही बदलतात, पण तुम्हाला एवढ्यात गरज नाही. वजन कमी करा, मी दाखवतो तो व्यायाम करा. आणि मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही."

"मंग जेवायचं कसं?"

"खुर्चीत बसून."

खुर्ची ग्रामसेवकासाठी असते आणि दाढी करायला असते, एवढंच सावळेरामाला ठाऊक होतं. घरी येऊन फोटो त्याने गोधडीखाली सरकवून ठेवला आणि साळुबाईला बजावलं की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये.

बजावायला कारण होतं. धाकटी लेक हर्षाली लग्नाची होती. आधीची दोन स्थळं मोडली होती, एक उंचीवरून आणि एक पत्रिकेवरून. पोरगी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठे. मग महाळुंगे पडवळच्या धर्माजींचा मुलगा आदेश तिला पाहायला आला. दोघांना गोठ्याच्या बाजूला दहा मिनिटं बोलू दिलं. दुसऱ्या दिवशी हर्षाली हंडा भरताना गुणगुणत होती. ते सावळेरामाने ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं, ही सोयरीक आता काही झालं तरी मोडू द्यायची नाही.

चार दिवसांनी मध्यस्थ गेणभाऊ निरोप घेऊन आला. "समदं पसंत हाय राव. येकच गोष्ट. धर्माजी म्हणत्यात, पोरीच्या घराण्यात हाडापेराचं, सांध्याचं दुखणं नको."

सावळेरामाने डोळ्याची पापणीही हलू दिली नाही. "आमच्या घराण्यात? अवो, आमच्यात माणूस मरतं, पण त्याचा गुडघा मरत न्हाई!"

आत साळुबाईच्या हातून तांब्या पडला.

थाप मारणं सोपं होतं. सांभाळणं अवघड गेलं, कारण गुडघे साक्ष द्यायला टपलेलेच होते. गेणभाऊ आठ-दहा दिवसांनी चक्कर मारायचा, घोंगडीवर बैठक व्हायची, चहा व्हायचा आणि मग त्याला पोचवायला उठावं लागायचं. सावळेरामाने यावर नामी युक्ती काढली. गुडघे वाजायच्या नेमक्या क्षणी तो मोठ्याने खोकायचा. दोन-तीनदा सराव केल्यावर मेळ असा बसला की साळुबाईलाही आवाज कळेना. गडी स्वतःवर खूश झाला.

पुढच्या खेपेला गेणभाऊ आला तो तोंड पाडूनच. "भाऊ, खरं सांगा. तुमाला दमा हाय का? का आनखी काय छातीचं? धर्माजींच्या कानावर गेलंय."

सावळेरामाचं धाबं दणाणलं. तंबाखूचा ठसका म्हणून त्याने कशीबशी वेळ मारून नेली. त्या दिवशी त्याने गेणभाऊला पोचवलंच नाही, बसल्या जागेवरूनच रामराम केला. आता खोकायचंही नाही आणि उठायचंही नाही. उरला एकच उपाय, बसायचंच नाही. त्यानंतर पुरा महिनाभर कुणी पाहुणा आला की हा दाराला टेकून उभा. कुणी बसा म्हणालंच तर, "न्हाई, आत्ताच बसून उठलो."

साखरपुडा दारातच होता. मांडवात पट्ट्या अंथरल्या होत्या, महाळुंग्याची चाळीस माणसं आली होती. सावळेरामाला धास्ती नव्हती, कारण मुलीच्या बापाला त्या दिवशी बसायला कोण सांगतं? हातात जिलबीची परात घेऊन तो पंगतीतून फिरत होता. वासाने घोटाळा नको म्हणून आदल्या रात्री त्याने पालाही बांधू दिला नव्हता. सगळं बेतल्यासारखं चाललं होतं.

तेवढ्यात धर्माजींनी त्याचं मनगट धरलं. "इवाई, तुमी शेजारी बसल्याबिगर मी घासाला हात लावनार न्हाई."

"मी मागनं बसतो की, घरचंच हाय."

"न्हाई म्हंजे न्हाई."

महाळुंग्याची चाळीस माणसं हात मांडीवर ठेवून बघत राहिली. नकार देणं म्हणजे व्याह्याचा मान मोडणं. साळुबाईने डोळे मिटून घेतले. सावळेराम खाली बसला, म्हणजे शेवटची वीतभर पडलाच.

जेवण उत्तम झालं. मसालेभात झाला, मठ्ठा झाला. पंगत आटोपली, पण रीत अशी की व्याही उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सावळेराम वाट पाहू लागला की धर्माजी आधी उठतील, सगळे त्यांच्याकडे बघतील आणि तेवढ्यात आपण काहीतरी करू. धर्माजी उठेनात.

"उठायचं का इवाई?" सावळेरामाने विचारलं.

"आधी तुमी."

"छ्या! मान तुमचा. थांबा, येक जिलबी घ्या."

धर्माजींनी ती घेतली आणि सावळेरामाच्या पानात दोन वाढायला लावल्या. मग आग्रहाची अशी जुगलबंदी लागली की वाढप्याचे हात दुखले. पाचवी झाली, सातवी झाली. बाकीची पंगत हातावर वाळलेला मठ्ठा चोळत बसली होती आणि कौतुक करत होती, प्रेम असावं तर असं! दुसऱ्या पंगतीच्या बाया मात्र मांडवाच्या कडेला उभ्या राहून दात-ओठ खात होत्या.

आठवी जिलबी समोर आली तेव्हा सावळेरामाला वास आला. निरगुडीचा. तो घाबरला, मग त्याला आठवलं की आपण तर पाला बांधलाच नव्हता. त्याने हळूच शेजारी पाहिलं. धर्माजींच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

धर्माजी त्याच्या कानाशी वाकले. "इवाई, रागावू नका. मला उठवत न्हाई."

सावळेरामाला वाटलं, आता मान ताठ करावी, या माणसाला हात द्यावा आणि जन्मभर वर राहावं. पण दोन महिने छातीवर धोंडा घेऊन वावरलेला माणूस तो. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"मलाबी न्हाई," तो म्हणाला. "मंग त्यो निरोप कशाला धाडला व्हता, दुखणं नको म्हणून?"

"घरात येक व्हतंच की. दुसरं आलं तर कुणी कुणाला पानी द्यायचं?"

दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि जोर लावला. पहिल्या खेपेला दोघेही परत खाली बसले. दुसऱ्या खेपेला उठले, आणि चारही गुडघे एकदम असे वाजले की मठ्ठ्याची बादली घेऊन चाललेला वाढप्या जागेवर थांबला. गेणभाऊने डोक्याला हात लावला.

"काय मोडलं वो?" मागून कुणीतरी विचारलं.

"काय न्हाई," धर्माजी गरजले. "सोयरीक पक्की झाली!"

पाहुणे दुपारीच परतले. गाड्या वळणाआड गेल्यावर सावळेराम हर्षालीजवळ जाऊन उभा राहिला. ती मांडवात बसून साडीची घडी घालत होती. त्याने चाचरत तिला सगळं सांगितलं, गुडघ्यांचं, फोटोचं, थापेचं. पोरगी घडी घालतच राहिली.

"मला म्हाईत व्हतं आप्पा. गोधडी उन्हात मीच टाकते. पयल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, आमच्या आप्पांचे गुडघे गेल्यात, मला म्हैन्यातनं दोनदा यावं लागंल, चालत आसंल तर हो म्हना. तर ते म्हनले, आमच्या वडलांचं तसंच हाय, तुला चालंल का?"

"म्हंजे ती धा मिंटं तुमी गोठ्यापाशी हेच बोलत व्हता?"

"आनखी काय बोलायचं?"

"आगं मंग मला सांगायचं न्हाई व्हय! दोन म्हैनं माझा जीव टांगनीला लागला व्हता. समदं तुझ्यासाठीच तर चाललं व्हतं."

हर्षालीने घडी मांडीवर ठेवली आणि वर पाहिलं. "मंग मला विचारलं का न्हाई येकदा तरी?"

सावळेराम हातांनी जमीन चाचपत तिच्या शेजारी बसला. तिला विचारायचं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.