कीन म्हणजे शिडी घेऊन येणारा

त्र्याऐंशीच्या जुलैत नलिनीबाई गणित शिकवायला सौंसरच्या शाळेत रुजू झाल्या, तेव्हा मोरेश्वर सरांच्या आठवणीप्रमाणे शाळेची कौलं उडाली, घंटा आपोआप वाजली आणि हेडमास्तर चक्क हसले. प्रत्यक्षात बाईंनी खडू कुठं ठेवता, एवढंच विचारलं होतं. इंग्रजीच्या या चौतिशीतल्या मास्तरांनी स्वतःच्या खिशातला खडू विडा द्यावा तसा त्यांच्या हातावर ठेवला आणि पुढचा तास फळ्याकडे नुसतं बघत काढला.

सर शब्द शिकवायचे ते चवीने. त्या हिवाळ्यात 'कीन' आला. आवड असलेला, एवढ्यावर भागवतील ते सर कसले! संत्र्याचा व्यापारी बगीच्यात येतो, भाव विचारतो, चहा पिऊन जातो, तो इंटरेस्टेड. दुसऱ्या सकाळी शिडी अन् तोडणारी माणसं घेऊन येतो, तो कीन. कीन ऑन क्रिकेट, कीन ऑन रीडिंग. पुढच्या बाकावरच्या अनुराधाने विचारलं, माणसाबद्दल चालते का? सर कानापर्यंत लाल झाले. व्याकरणाने चालतं, म्हणाले.

वर्गांमधली भिंत अर्धीच होती. पलीकडे नलिनीबाईंचा भागाकार थांबला होता.

बाईंच्या वडिलांचा, बापूजींचा, लोधीखेड्याला बगीचा होता. मागणी घालायचीच असं ठरवून सर दर रविवारी सायकलवर तिथे जात, झाडांवरच्या रोगाबद्दल बोलत आणि पिशवीभर संत्री घेऊन परत येत. वर्ष गेलं. मास्तर बगीचा विकत घेणार, अशी बापूजींची समजूत झाली.

शेवटी बाईंनीच स्टाफरूममध्ये, वह्या तपासता तपासता, विषय काढला.

"पांढुर्ण्याचं स्थळ आलं, सर. मुलगा आईला घेऊन आला होता. तुम्ही काय करून राहिले?"

"विचार करून राहिलो."

"म्हणजे शिडी नाही आणली."

"या रविवारी बापूजींशी बोलतो."

"संत्री रविवार पाहून पिकत नाहीत, सर."

त्या वर्गातली मुलं आता पन्नाशीपलीकडे गेली. बाकीचं इंग्रजी विसरली, पण 'कीन' म्हटलं की त्यांना अजून संत्र्याच्या सालीचा वास येतो.

त्या रविवारी सर गेले. चहा झाल्यावर बापूजींनी पांढुर्ण्याच्या मुलाशी ठरलेल्या लग्नाची तारीख सांगितली. लग्न जामसांवलीला झालं. सर जेवून आले.