हे मराठीत सांगा, सर

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या शर्टाच्या बटणाला लाल टॅग अडकवला.

आमच्या कारखान्यात लाल टॅग नापास जॉबला, म्हणजे बिघडलेल्या भागाला, लावतात. टॅग लागला की जॉब लाल पेटीत जातो. तिथून भंगारात. चाकण एमआयडीसीतला प्रेस शॉप. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढायचे. मी तिथे लाइन सुपरवायझर होतो. परभणीकडची जिल्हा परिषदेची शाळा, मग डिप्लोमा, मग इथे. त्या दिवशी टॅग मला लागला, कारण फळ्यावरच्या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ मी चुकीचा सांगितला.

कंपनीने कामगारांचं इंग्रजी सुधारायला घेतलं होतं. शिफ्टच्या आधी फळ्यावर एक वाक्प्रचार. साहेब, म्हणजे प्लँट हेड, कुणाला तरी पुढे बोलावून अर्थ विचारायचे. त्या दिवशी फळ्यावर होतं, 'बाइट द बुलेट'. मी म्हणालो, "गोळी लागून मरणे."

साहेब हसले. ते हसले म्हणून एचआरच्या मॅडम हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळी लाइन हसली.

"हा जॉब रिजेक्ट," साहेब म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत टॅग काढायचा नाही."

ज्यांना मी काम वाटून देत होतो, त्यांच्यामधून मी टॅग लावून फिरलो. ट्रॉली ढकलणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं, "साहेब, तुमाला कोणत्या पेटीत टाकायचं?" पुन्हा हशा. सुट्टीची बेल झाली तेव्हा विलासने स्वतः येऊन टॅग सोडवला. विलास जिंतूरकडचा, प्रेसवरचा कंत्राटी ऑपरेटर. "झाली सुट्टी, भाऊ," एवढंच म्हणाला.

डबा खाताना सोपाननाना म्हणाले, "आरं, गोळी लागल्यावर मानूस मरतोच की. तुजं काय चुकलं?" नाना आमचे फिटर. चऱ्होलीचे. त्यांच्या शेतावर आता सोसायटीचा स्विमिंग पूल आहे.

त्या संध्याकाळी मोबाइलवर खरा अर्थ शोधला. टाळता न येणारं दुःख दात आवळून सोसणे. मग कानावर पडेल तो प्रत्येक वाक्प्रचार शोधायला लागलो. आधी इंग्रजीची भीती होती. शोधता शोधता भीती गेली आणि संशय आला.

फळ्यावर येणारे वाक्प्रचार गोड असायचे. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. काळ्या ढगाला रुपेरी कड. साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहिलं की दुसरेच ऐकू यायचे. वाळकं लाकूड म्हणजे वय झालेले कामगार. चरबी छाटणे म्हणजे कंत्राटी माणसं कमी करणे. हाताशी लोंबणारं फळ म्हणजे ज्याच्या मागे युनियन नाही असा कुणीही. फळ्यावरचे आमच्यासाठी होते. केबिनमधले आमच्याबद्दल.

एकदा ग्राहक कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. मॅडम लाइनवर येऊन ओरडल्या, "ब्रेक अ लेग, गाइज!"

नानांनी मला विचारलं, "ही बया पाय मोडा म्हनती व्हय?"

"शुभेच्छा देतायत, नाना."

"प्रेस शॉपात? असल्या शुभेच्छा तिच्या घरी ठिव म्हनावं."

हसलो आम्ही. तेवढंच हसलो.

आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा रॅम, पत्रा दाबणारा जड ठोकळा, खाली येतो. कारण साधं आहे. दोन्ही हात बटणावर असले की एकही हात खालच्या साच्यात, डायमध्ये नसतो. ऑर्डर वाढली तेव्हा साहेब लाइनवर आले. मी होतो, नाना होते, विलास होता.

"टू हँडमध्ये टाइम जातो," साहेब म्हणाले. "थिंक आउटसाइड द बॉक्स."

बोलताना त्यांनी डाव्या बटणावर पेनाने टकटक केलं. मग नानांकडे बघितलं. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी डाव्या बटणात लाकडी पाचर होती. बटण कायम दाबलेलं. आता ऑपरेटर एका हाताने प्रेस चालवणार, दुसऱ्याने जॉब सरकवणार. मी पाचर काढली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "डोन्ट रॉक द बोट," ते म्हणाले. अर्थ मला पाठ होता. चाललंय ते चालू दे. बाहेर आलो तोवर पाचर परत बसली होती. मी पुन्हा काढली, ती पुन्हा बसली. तपासणीवाले आले की पाचर नानांच्या खिशात. गेले की बटणात. आमच्या लाइनवर ती पद्धतच झाली.

कुणाचं नाव घ्यायला जागाच ठेवली नव्हती. पाचर मारा, असं साहेब कधी म्हणालेच नव्हते. हातमोजे घालून दिलेला हुकूम होता तो. ठसा उमटत नाही.

मग विलासच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

भरदुपारी. मी धावत पोचलो तेव्हा तो खाली बसला होता. हात छातीशी धरलेला. ओरडत नव्हता. "भाऊ, घरी सांगू नका," म्हणाला. मी त्याच्या हाताला फडकं गुंडाळत असताना नानांनी पाचर काढून खिशात घातली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सवय.

कंपनीची चौकशी बसली. त्याआधी साहेबांनी मला आत घेतलं. चहा सांगितला. पहिल्यांदाच.

"विलास इज अ बॅड ॲपल. यू आर अ टीम प्लेयर," ते म्हणाले. "टेक वन फॉर द टीम. वी विल टेक केअर ऑफ यू."

मी चहाला हात लावला नाही.

चौकशीच्या खोलीत साहेब, मॅडम, कंपनीचे वकील. कामगारांच्या बाजूने सोपाननाना. दाराशी विलास, हाताला बँडेज. वकिलांनी विचारलं, पाचर कुणी लावली? साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "सुपरवायझर सांगतील."

मी म्हणालो, "सर, आत्ता केबिनमध्ये मला जे सांगितलंत, ते इथे मराठीत सांगा."

"व्हॉट?"

"टेक वन फॉर द टीम. हे मराठीत सांगा, सर. विलाससमोर."

साहेब मराठीच. आईशी फोनवर बोलताना मी ऐकलं होतं, 'अगं, गोळ्या घेतल्यास का?' पण त्या खोलीत त्यांना मराठी सुचेना. पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "इथे भाषेचा विषय नाहीये."

"मग मी सांगतो. पाचर विलासने स्वतःच्या मनाने लावली आणि माझं लक्ष नव्हतं, असं मी खोटं बोलायचं. विलासला काढणार. मला सांभाळून घेणार. हा त्याचा मराठी अर्थ. आणि थिंक आउटसाइड द बॉक्स म्हणजे काय, तेही सांगतो. साहेबांनी डाव्या बटणावर पेन टकटकवलं होतं. मी बघितलंय. नानांनी बघितलंय."

सगळे नानांकडे वळले. नाना टेबलाकडे बघत होते.

"मला न्हाई ठावं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझी बाही धरली. "माजी रिटायर व्हायला दोनच वर्सं ऱ्हायलीत रं." मी बाही सोडवून घेतली. त्यांना माफ केलं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

त्याच आठवड्यात मॅडम मला म्हणाल्या, "वी हॅव टू लेट यू गो." जाऊ देतो आहोत. जसं काही बाहेर पडायला मीच दार ठोठावत होतो. विलासलाही घरी बसवलं. मग आम्ही दोघे सरकारी कारखाना निरीक्षकाकडे गेलो. मी जबाब दिला. विलासने दिला. चौकशी चालू आहे. निकाल काय लागेल, मला माहीत नाही, आणि माझा कुणावर आंधळा विश्वास नाही.

आता महाळुंग्यात दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथेही फळा आहे. पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाले, "हिट द ग्राउंड रनिंग." मी विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचं, सर? आणि कोणी सांगितलं म्हणून?" ते चिडले. चिडू देत. हुकूम साध्या शब्दांत मिळाल्याशिवाय माझ्या लाइनवर एकही बटण दाबलं जात नाही.

मागच्या आठवड्यात जुन्या कंपनीतून मॅडमचा फोन आला. आवाज मऊ. जबाब थोडा बदलता येईल का, चांगली जागा आहे, आणि शेवटी, "लेट बायगॉन्स बी बायगॉन्स."

अर्थ विचारावा लागला नाही. झालं गेलं विसरून जा.

"मॅडम," मी म्हणालो, "माझा जबाब मराठीत आहे. त्यात एकही वाक्प्रचार नाही. डावं बटण, पाचर, पेन, आणि साहेबांचं नाव. तो बदलणार नाही."