अमाप पैसा, अमाप वेळ आणि सासूबाईंचा पिवळा पट्टा

रविवारी सकाळी कराटेच्या क्लासवरून घरी येताना मी आणि माझ्या सासूबाई एक खेळ खेळतो. पैसा अमाप आहे आणि वेळही अमाप आहे असं धरायचं आणि कुठे जाऊन कोणती युद्धकला शिकायची ते ठरवायचं. मुलुंडच्या त्या हॉलपासून आमच्या बिल्डिंगपर्यंतचं अंतर तसं थोडंच आहे. पण सासूबाई मध्येच भाजी घेतात, भाजीवाल्याशी भांडतात, नारळपाणी पितात. तेवढ्यात आमचं निम्मं जग फिरून होतं.

मला पहिल्यांदा केरळात जायचंय. तिथे कलरीच्या आखाड्यात उतरण्याआधी अंगाला तेल चोळून देतात, असं मी वाचलंय. सासूबाईंना त्यातलं फक्त तेल आवडलं.

"तीन महिने नुसतं तेल लावून घेऊ," त्या म्हणाल्या. "चौथ्या महिन्यात बघू लढायचं की नाही ते."

मग जपान. तिथल्या धनुर्विद्येत म्हणे बाण लागण्यापेक्षा उभं राहण्याची रीत महत्त्वाची. मी हे मोठ्या भक्तिभावाने सांगितलं.

"म्हणजे बाण लागला नाही तरी चालतो?"

"तसंच काही नाही आई, पण..."

"मग एवढं विमानाने कशाला जायचं गं? नेम चुकवायला मुलुंड काय वाईट आहे?"

त्यांना स्वतःला सुमो शिकायचंय. "तिथे वजनाला मान आहे. इथे डॉक्टर बोलतो," हे त्यांचं कारण. माझं खरं स्वप्न मात्र दांडपट्ट्याचं. आमच्या तालुक्याच्या शाळेत स्नेहसंमेलनाला मुलं लाठी फिरवायची आणि मुली स्वागतगीत म्हणायच्या. मी दरवर्षी स्वागतगीतात दुसऱ्या रांगेत. विंगेतून लाठीचा सूं सूं आवाज यायचा आणि मी पाहुण्यांकडे बघून गात असायचे. त्यामुळे कोल्हापुरात वर्षभर खोली घेऊन राहायचं आणि दांडपट्टा शिकायचा, हे माझं पक्कं आहे. सासूबाईंचीही त्याला हरकत नाही. मटणाची सोय होईल, म्हणाल्या.

घराच्या फाटकापाशी आलो की त्या पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणायच्या, "हे सगळं अमापातलं. आपल्या मापातलं काय, तर यलो बेल्ट. तो तरी मिळू दे बाई."

क्लासला नाव त्यांनीच घातलं, दोघींचं, आणि मला न विचारता. सासूबाई चेंबूरला वाढलेल्या. नोकरीतली बहुतेक वर्षं त्या वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर होत्या. बिल जास्त आलं की लोक कंपनीला बोलायच्या ऐवजी खिडकीतल्या बाईला बोलतात. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, हसून अर्ज घेतले आणि रिटायर झाल्या. नंतर एकदा हॉलच्या दारावर 'महिलांसाठी कराटे, वयाची अट नाही' असा बोर्ड दिसला आणि त्या आत शिरल्या. घरी येऊन म्हणाल्या, "तूही चल. एकटी गेले तर लोक म्हणतील म्हातारीला घरात त्रास असेल."

मला आनंदच झाला. एक तर मला कुणी काही शिकवायला निघालं की माझा ऊर भरून येतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये काम करायचे. त्यांना वाचता जेमतेम यायचं, पण माझी पाठ्यपुस्तकं ते देवाच्या फळीवर ठेवायचे. माझ्या गणिताच्या पुस्तकावर हळदीकुंकवाचे डाग असायचे. पुस्तकाला, वहीला, वाण्याच्या पुडीच्या कागदाला, माणसाला, कशालाही पाय लागला की ताबडतोब वाकायचं, पाय लागला तिथे बोटं टेकवायची आणि ती छातीला लावायची. हे मला शिकवल्याचंसुद्धा आठवत नाही. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते, तसं ते आहे.

क्लासचे सर मालवणकडचे. शांत असले की मराठी बोलतात, चिडले की मालवणी. त्यांनी उंची बघून जोड्या लावल्या आणि माझ्यासमोर सासूबाई आल्या. एकीने समोर लाथ मारायची, दुसरीने हाताने ती अडवायची आणि उलट ठोसा द्यायचा, एवढाच धडा. पोटावर जाड गादीचा गार्ड बांधलेला होता, त्यामुळे कुणाला लागायचं कारण नव्हतं.

मी लाथ मारली. ती सासूबाईंच्या गार्डला लागली. त्याच क्षणी मी वाकले, त्यांच्या पोटाला हात लावला, तो छातीला लावला आणि म्हणाले, "सॉरी हं आई." त्यांचा ठोसा ठरल्याप्रमाणे निघालेलाच होता. तो माझ्या टाळक्यात बसला.

"अगं, मध्ये कशाला आलीस?" सासूबाई ओरडल्या.

सर धावत आले. "गो बाय माझे, लाथ मार म्हटलंय मी! पायां पड म्हणूक नाय!"

मी सरांचीही माफी मागितली.

सुधारणा काही झाली नाही. मी लाथ हळू मारून पाहिली, नमस्कारही हळू झाला. डोळे मिटून मारली, तर ती भलतीकडेच, शेजारच्या बाईंच्या पिशवीला लागली, आणि मी त्या पिशवीला नमस्कार केला. सर कपाळावर हात मारून म्हणाले, "उद्या चोर इलो तर त्याचीय पूजा करशीत."

अशात परीक्षा आली. घाटकोपरच्या एका हॉलमध्ये, बाहेरून आलेल्या मोठ्या सरांसमोर. मार्क लाथेला नव्हते, अडवण्याला होते. आधी लाथ मारायची पाळी सासूबाईंची होती. त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. खिडकीवरच्या सगळ्या वर्षांची थकबाकी घेऊन त्यांचा पाय आला. भीतीने माझा हात आपोआप खाली गेला आणि त्याने ती लाथ अडवली. मोठे सर म्हणाले, "उत्तम!" मला तेव्हाही वाईट वाटलं, कारण ते कौतुक खरं म्हणजे माझ्या घाबरटपणाचं होतं.

मग पाळी माझी. मी पाय उचलला. तो सासूबाईंपासून वीतभर अंतरावर थांबला. लागला नव्हता, तरीसुद्धा मी वाकले.

मोठे सर सासूबाईंना म्हणाले, "आजी, हात छान आहे तुमचा. पण समोरून काही आलंच नाही, तर अडवलं काय म्हणून लिहू?"

मी पास झाले. सासूबाई नापास.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, तेच मला जड गेलं. त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी येताना आमचा खेळ झाला नाही. मी केरळ काढून पाहिलं, जपान काढून पाहिलं. त्या फक्त "हं" म्हणायच्या आणि भाजीवाला सांगेल ती किंमत देऊन पुढे चालायच्या. बाल्कनीत दोरीवर माझा पिवळा पट्टा आणि त्यांचा पांढरा शेजारी शेजारी वाळत असायचे. मी माझा आत, बाथरूममध्ये वाळवायला लागले, तर त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघ रे, बेल्ट मिळाल्यापासून मॅडम आमच्याशेजारी कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत."

पुन्हा परीक्षा देता येणार होती, पण जोडी तीच राहणार होती. आमच्या उंचीची तिसरी बाई बॅचमध्ये नव्हती. म्हणजे सासूबाईंचा पट्टा माझ्या पायात अडकला होता. मी घरी सरावाला लागले. सोफ्याची उशी पोटाशी धरून नवरा उभा राहिला. त्याला पहिलीच लाथ अशी बसली की तो दिवाणावर जाऊन पडला. नमस्कार वगैरे काही झाला नाही. मला स्वतःलाच नवल वाटलं.

"हे काय गं?" तो उशीसकट म्हणाला. "आईला पाया पडतेस आणि मला?"

"तू जवळचा आहेस रे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

मग सासूबाईंनी मला राग आणायचं ठरवलं. स्वयंपाकघरात समोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुझी आमटी म्हणजे पिवळं पाणी. तुमच्याकडे डाळ मोजून दोन दाणे टाकतात काय? मार!"

मी विचार केला. आमटी पातळ होते हे खरं होतं. "पुढच्या वेळी घट्ट करते, आई," मी म्हटलं.

"तुझ्या माहेरचे लोक लग्नात अडीच तास उशिरा आले! मार!"

"हो ना आई, गाडीचं टायर फुटलं होतं. तुम्ही तेव्हा किती समजून घेतलंत. तुमचे उपकार..."

"अगं आई गं!" त्या खुर्चीत बसल्या. हसतील असं मला वाटलं, पण हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं, तू माझा मान ठेवतेस?"

"म्हणजे काय आई, मी..."

"ऐक. त्या हॉलमध्ये सगळ्या जणी मला अगं-तुगं करतात. ती तळमजल्यावरची जिमवाली पोरगी तर परवा म्हणाली, काय यार, झकास पंच आहे तुझा. मला किती बरं वाटलं माहितीये? तिथे मी कुणाची आई नाही, आजी नाही. पांढरा बेल्ट, दुसरी रांग, बस्स. आणि तू वाकलीस की मी लगेच खुर्चीवर बसवलेली म्हातारी होते. हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी." त्यांनी गुडघा चोळला. "ते केरळ-जपान ठीक आहे. मला हे गुडघे किती दिवस साथ देणार? जे व्हायचं ते याच हॉलमध्ये. आणि तेही तू पाय उचललास तर."

मी कुकर बंद केला. बसमध्ये, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत एकच गोष्ट मनात घोळत राहिली. ज्यांनी मला काही दिलं त्या सगळ्यांसमोर मी आयुष्यभर वाकत आले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण समोरच्याला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरी परीक्षा त्याच हॉलमध्ये झाली. मोठे सरही तेच. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि जरा सावरून बसले. आमचे सर भिंतीशी उभे होते, ओठ मालवणीत हलत होते. सासूबाईंनी गार्डचा पट्टा घट्ट ओढला आणि माझ्याकडे बघितलं. कधी नव्हे ती भीक मागितल्यासारखी नजर होती. ती मला बघवली नाही.

मी लाथ मारली. मनापासून मारली.

गडबड एवढीच झाली, की माझी लाथ वेळेवर येण्याची सासूबाईंना सवयच नव्हती. त्यांचा हात निघेपर्यंत माझा पाय पोहोचलेला होता. धप्प असा आवाज झाला आणि सासूबाई मॅटवर बसल्या, पाय पसरून, जेवायला बसल्यासारख्या. माझ्या कमरेने वाकायला सुरुवात केली. मी दोन्ही मुठी छातीशी अशा दाबून धरल्या की नखं तळव्यात रुतली, आणि ताठ उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण उभी राहिले.

सासूबाईंनी वर बघितलं. तोंडभर हसल्या.

"आत्ता गं!" त्या उठत म्हणाल्या. "अजून एक!"

दुसरी लाथ त्यांनी अशी अडवली की मी अर्धी गिरकी खाल्ली. तिसरीला हात माझ्या नडगीवर असा बसला की मला तारे दिसले. मोठे सर म्हणाले, "बास बास, बाई, सुनेला घरी न्यायचीय ना?" आणि आमच्या सरांनी भिंतीशीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी लंगडत जागेवर गेले. यलो बेल्ट सासूबाईंच्या कमरेला बांधला गेला तेव्हा त्या नाक ओढत होत्या. धुळीची ॲलर्जी आहे, म्हणाल्या.

रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी फोन काढला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना आणि पहिला नंबर लागला तो गावी, माझ्या आईचा. मी "आई, थांबा, मी बोलते" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

"अहो विहीणबाई!" सासूबाई आनंदाने ओरडल्या. "तुमच्या मुलीने आज मला काय लाथ मारली माहितीये? सगळ्यांसमोर! खालीच बसले मी!"

स्पीकरवर माझ्या आईचा आवाज आला. "विहीणबाई, लेकरू आहे ती. आमचंच चुकलं असेल कुठं तरी. आम्ही दोघं रात्रीच्या गाडीनं निघतो. समोरासमोर बसू. तुम्ही म्हणाल तसं करू."

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता समजावतील.

"या की!" त्या फोनवर म्हणाल्या. "अवश्य या. फक्त रविवारी सकाळी नका येऊ, आम्ही घरी नसतो."